गळत नाही असं सांगितलेलं छत

डॉक्टरला दुखणं सांगावं, वकिलाला गुन्हा सांगावा, पण ज्याच्याशी भाव करायचा त्याला आपली गरज कधी सांगू नये. या एका नियमावर मी वसईजवळच्या सातिवलीत प्रेस मशीनवरचा हेल्पर होतो तो गाळामालक झालो. मी दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या बनवतो. कच्चा माल घेताना असा चेहरा करतो की माझं गोदाम भरलेलं आहे, आणि बिजागऱ्या विकताना असा, की दारात गिऱ्हाइकांची रांग आहे. बऱ्याचदा दोन्ही वेळी गाळ्यात माशी नसते.

त्यामुळे घराच्या छतासाठी भरवशाचा माणूस शोधायची वेळ आली तेव्हा ते काम माझंच, याबद्दल घरात दुमत नव्हतं. दुमत नंतर झालं. त्या शेडवाल्याने माझं वाटोळं केलं, असं मी म्हणतो. घरातली बाकीची मंडळी वेगळंच म्हणतात. त्यांचं म्हणणं नातेवाइकांत पुरेसं पसरलेलं आहे, म्हणून माझं इथे लिहून ठेवतो.

आमचं घर गास गावात, शेताच्या कडेला. खाली आम्ही नवरा-बायको, वर एक मोठी खोली, तिच्यावर गच्ची. बांधताना गवंड्याला मी भावात असा धरला होता की काम संपल्यावर तो चहासुद्धा न पिता निघून गेला. पुढच्याच पावसाळ्यात वरच्या खोलीच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं माझी बायको मानते. मी मानत नाही. कोपऱ्यात बादली ठेवली की काम भागत होतं, आणि खोलीत राहायला तरी कोण होतं! मुलगा खाली हॉलमध्येच झोपायचा.

मग मुलाचं लग्न ठरलं. मुलगी आगाशीची, वाडीवाल्यांच्या घरची, केळीच्या बागेत वाढलेली, विरारला बँकेत नोकरी. ती पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा जिना चढून वर गेली, कोपऱ्यातल्या पोपड्यांकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि खाली उतरली. जाताना फाटकापाशी फोनवर आईशी घरच्या बोलीत बोलत राहिली. इतकी वर्षं या भागात काढून मला ती बोली अर्धीच कळते, आणि जे अर्धं कळायला हवं ते नेमकं निसटतं.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, पावसाळ्याआधी गळतीचं काहीतरी करा. नाहीतर आम्ही विरारला फ्लॅट बघतोय भाड्याने. एजंटने एक दाखवलाय."

मी आमटी ओरपत म्हटलं, "बघा की. मला काय फरक पडतो?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. ती वरची खोली मी बांधली तीच मुळी मुलगा लग्नानंतर वर राहील म्हणून. मी स्वतः तरुणपणी नालासोपाऱ्याला एका खोलीत सहाजण झोपलो आहे, कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून. मुलाला हात-पाय पसरायला आपल्या मालकीची जागा असावी, आणि संध्याकाळी गाळ्यावरून आलं की डोक्यावर कुणाच्या तरी पावलांचा आवाज यावा, एवढंच मला हवं होतं. पण असं बोलून दाखवलं की संपलं. समोरच्याला कळतं की हा माणूस अडलेला आहे.

छताचंही तेच. एप्रिल-मेमध्ये इकडे प्रत्येकाला छत आठवतं. गच्चीवर पत्र्याची शेड टाकणाऱ्यांचे फोन लागत नाहीत, लागले तर उचलत नाहीत. अशा वेळी गळतंय म्हणून सांगणं म्हणजे आपणहून मान पुढे करणं. मी आधी पोपडे खरवडले, पुट्टी भरली आणि वरच्या खोलीला पांढरा रंग मारला. बादली बाथरूममध्ये नेऊन ठेवली. बायको जिन्यात उभी राहून बघत होती.

"अहो, ज्याला गळती दाखवायची त्याच्यापासूनच लपवताय?"

"त्याला शेड टाकायची आहे, गळती कशाला बघायला पाहिजे? शेड टाकली की पाऊसच गच्चीवर पडणार नाही. गळणार काय?"

"सबंध गच्चीवर टाकणार?"

"ते बघू," मी म्हटलं.

पहिला आला तो वसईतला ऑफिसवाला. इस्त्रीचा शर्ट, हातात लेसरने मापं घेणारी डबी. त्याने वरच्या खोलीत पाऊल टाकताच नाक वर केलं.

"रंग ताजा दिसतोय, साहेब."

"लग्न आहे घरात," मी पटकन म्हणालो, आणि म्हणतानाच जीभ चावली. त्याचा चेहरा उजळला. गळतीपेक्षा लग्न महाग पडतं, हे मला त्याने सांगितलेल्या आकड्यावरून कळलं.

आता बाजारात एक रीत आहे. भाव पटला नाही की गिऱ्हाइकाने पाठ फिरवून चालायला लागायचं, आणि विकणाऱ्याने मागून हाक मारायची. आगाशीच्या बाजारात भाजीवाल्या मावशीसुद्धा ही रीत पाळतात. पण स्वतःच्याच घरातून उठून जाता येत नाही, ही घरी भाव करण्यातली मोठी अडचण. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात गेलो, बसलो, त्याचा चहा प्यालो, "जमणार नाही" म्हटलं आणि तिथून उठून चालता झालो. हाक आली नाही. मी जिना सावकाश उतरलो. खाली चपलेतला नसलेला खडा काढला. स्कूटर चालू केली, बंद केली, परत चालू केली. तेव्हा वरून त्यांची रिसेप्शनची मुलगी धावत आली. मी मनात म्हटलं, आली हाक.

"काका, गाडी गेटसमोरून जरा बाजूला घेता का? आमच्या सरांना निघायचंय."

दुसरा आला तो आमच्या गावाकडचा. मुलुखातला माणूस, लांबून नात्यातही लागतो. त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही असं बायकोचं म्हणणं. तो आला, गच्ची बघितली, पोहे खाल्ले, कुणाची म्हातारी गेली आणि कुणाचा बाग विकला ते सांगितलं. मी म्हटलं, "भाव काय लावणार?"

तो कानाला हात लावून म्हणाला, "काय भाऊ! तुमच्याकडून काय घ्यायचं? तुम्ही द्याल ते."

इथे माझं डोकं फिरलं. भाव जास्त सांगणारा परवडतो, तो खाली तरी येतो. जो भावच सांगत नाही त्याच्याशी बोलायचं काय? मी तीन प्रकारे विचारलं. तिन्ही वेळा तो "तुम्ही द्याल ते" म्हणाला. असा माणूस काम झाल्यावर मनात धरतो, आणि गावाला गेलं की चारचौघांत सांगतो. मी त्याला म्हटलं, "तू माझ्याकडे काम करायला आलास की उपकार करायला?" तो रागावून गेला. गावच्या जत्रेत आता आमच्या बायकोशी त्याच्या घरचं कुणी बोलत नाही, तेही माझ्याच खात्यावर.

तिसरा मात्र मला पहिल्या भेटीत पटला. सातिवलीत माझ्या गाळ्याच्या मागच्या गल्लीत त्याचं वेल्डिंगचं काम चालतं. मिठागरांकडच्या गावातला, बोलायला तिखट. मी त्याचा भाव अर्ध्यावर आणला तेव्हा त्याने मापाची टेप जमिनीवर आपटली.

"शेठ, अर्ध्यात पत्रे नाय येत, नुसते खिळे येतात. खिळे टोचून बसायचं तर बसा!"

मला चिडणारा माणूस आवडतो. चिडतो म्हणजे त्याच्या भावात पाणी कमी असतं. गोड बोलणाऱ्याने आधीच दुप्पट लावलेलं असतं, त्याला चिडायचं काय कारण? माझी माणूस निवडायची ही पद्धत आहे, आणि ती मी आजही चुकीची मानत नाही. आम्ही दोघं मग गच्चीवर उन्हात उभे राहून तासभर भांडलो. तो दोनदा जिन्यापर्यंत गेला आणि मी दोनदा हाक मारली. मी एकदा गेलो तर त्यानेही मारली. किती दिवसांनी कुणीतरी रीतीने वागत होतं!

"शेड कशाला पायजे ते तर सांगा," तो शेवटी म्हणाला.

"सावलीला. संध्याकाळी बसायला. लग्नात हळद आहे, मांडवाचा खर्च वाचेल."

"मग सबंध गच्ची नको. जिन्याच्या बाजूची निम्मी पुरेल."

निम्मी म्हटल्यावर मी विरघळलो. तो पुढे म्हणाला, "उतार कुठं देऊ? मागं दिला तर पानी शेजाऱ्याच्या अंगणात जातं, भांडण होईल. पुढं तुमच्याच मोकळ्या गच्चीवर सोडू का? का पन्हळ लावून पाइपाने खाली उतरवू?"

"सावलीला पन्हळ कशाला?"

"खाली गळत नाय ना?" त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघत विचारलं. "गळत असेल तर आताच सांगा. मग सगळंच वेगळं करावं लागतं. तडे भरायचे, उतार फिरवायचा, पन्हळ घ्यायची."

बायको जिन्याच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती खोकली.

"माझा स्लॅब आहे तो!" मी म्हणालो. "थेंब येत नाही."

"मग सोडतो पुढं," तो म्हणाला, तांब्यातलं पाणी प्याला आणि कामाला लागला.

काम चोख. सांगितलेल्या दिवशी सुरू, सांगितलेल्या दिवशी संपलं. निळे पत्रे, सरळ खांब, सगळे स्क्रू एका रेषेत. हळदीच्या दिवशी पाहुणे शेडखाली वारा खात बसले. मुलीकडची वाडीवाली मंडळी छतं पारखून बघतात. तिच्या मामांनी खांबाला टिचकी मारून "काम बरं केलंय" म्हटलं. मी सगळ्यांना भाव सांगितला. मामांना दोनदा सांगितला.

जून लागला. शेडच्या निम्म्या गच्चीवर पडलेलं सगळं पाणी पत्र्यांवरून घसरत, मी सांगितलेल्या उताराने, मी सांगितलेल्या बाजूला, मोकळ्या गच्चीच्या नेमक्या त्या तडा गेलेल्या कोपऱ्यात धबधब्यासारखं पडायला लागलं. पूर्वी ठिबकत होतं. आता धार लागली. नव्या जोडप्याने पलंग आधी भिंतीपासून हलवला, मग दारापाशी आणला, मग अर्धा दाराबाहेर काढावा लागतो की काय अशी वेळ आली. माझा पांढरा रंग ओल्या कागदासारखा लोंबायला लागला. सूनबाई सकाळी बँकेत जाताना जिना उतरायची तेव्हा तिच्या हातात बादली असायची. ती अंगणात ओतायची, मला "येते, बाबा" म्हणायची आणि जायची. एक शब्द जास्त नाही. त्या मुकेपणाने माझी झोप उडाली. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

एका रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, तो फ्लॅट..."

"जा की!" मी ओरडलो. "मी धरलंय का कुणाला?"

सूनबाईने फोन काढला, वरच्या खोलीचा व्हिडिओ घेतला, धार, तडा, लोंबणारा रंग, सगळं, आणि माझ्या फोनमधून नंबर घेऊन शेडवाल्याला पाठवला. तो दुपारीच आला. मी फाटकातच धरला त्याला.

"फसवलंस मला! भरवशाचा म्हणून निवडला तुला!"

"शेठ, तुम्ही बोललात गळत नाय."

"मी बोललो म्हणून काय झालं? मी काय, कुणीही बोलेल! तुला डोळे नाहीत?"

"डोळे होते. रंग दिलेला होता."

"मग ताजा रंग बघून कळायला नको? त्या ऑफिसवाल्याला कळलं!"

"मग त्याच्याकडनं करून घ्यायचं!" तोही आता फुलला होता. "मी तोंडावर विचारलं तुम्हाला. वैनी साक्षीला होत्या. घरमालक स्वतःच्या छताबद्दल खोटं सांगेल असं मी धरून चालायचं का? मग मी प्रत्येक घरात शिरून पोलिसासारखी तपासणी करू?"

"करायची!" मी म्हटलं. मी आजही म्हणतो. दुखणं लपवणाऱ्याचं दुखणं ज्याला ओळखता येत नाही तो कसला कारागीर? लोक खरं सांगतात यावर भरवसा ठेवून धंदा करता येत असता तर मी केव्हाच बंगला बांधला असता.

पण त्या दिवशी माझं कुणी ऐकलं नाही. सूनबाईने त्याला वर नेलं. तिने एकेक जागा दाखवली, इथे येतं, इथे जास्त येतं, वारा असला की इथूनही येतं. काही लपवलं नाही. मी खालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, किती उघडं बोलते ही मुलगी! भाव तर तिने विचारलाच नाही आधी. काय काय करायला हवं ते सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं, मग शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याने सांगितला तो भाव ऐकून मी दोन पायऱ्या वर चढलो. मी तासभर भांडून पाडलेल्या भावापेक्षा तो बरा होता. मला अजून कळलेलं नाही हे कसं झालं. मी विचारलं तर शेडवाला म्हणाला, "सूनबाईंनी रोग सांगितला, मी औषधाचं सांगितलं. तुमच्या वेळी कशासाठी भांडत होतो तेच ठाऊक नव्हतं. म्हणून चार आणे वरचे धरले होते."

पावसाने उघडीप दिली त्या आठवड्यात त्याने तडे भरले, उताराची बाजू फिरवली, पन्हळ लावून पाइप अंगणातल्या नारळापाशी सोडला. मग पुन्हा पाऊस आला आणि वरची खोली कोरडी राहिली.

त्या संध्याकाळी सूनबाई खाली आली. मी टीव्हीपुढे बसलो होतो. ती समोर उभी राहिली, त्यामुळे मला बातम्या दिसेनात.

"बाबा, आता गळत नाही. आम्ही राहायचं की जायचं?"

"तुमची मर्जी."

"माझी मर्जी मी विचारली नाही. तुमची सांगा." ती हसत नव्हती. "आणि नीट सांगा. तुम्ही जे म्हणाल ते मी खरं धरणार. त्या शेडवाल्याने धरलं तसं."

बायकोने स्वयंपाकघरातला मिक्सर बंद केला. मुलगा जिन्यात होता, त्याची सावली दिसत होती. मी रिमोट उलटासुलटा करून बघितला. "मला काय फरक पडतो" हे शब्द ओठांपर्यंत आले होते. ते खाली ढकलायला जेवढा जोर लागला तेवढा मला प्रेस मशीनचा दांडा ओढतानाही कधी लागला नव्हता.

"राहा," मी म्हणालो.

"काय?"

"राहा म्हटलं ना! किती वेळा बोलायचं?"

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. "मग माझं ऐका. वर वेगळा गॅस पाहिजे. शेडखाली तुम्ही बिजागऱ्यांची पोती आणून टाकलीत ती गाळ्यावर न्यायची. आणि वर येताना खालून हाक मारायची, एकदम दारात यायचं नाही."

पोती न्यायला मी सवयीने नाही म्हटलं. ती म्हणाली, "ठीक आहे, मग निम्मी." मी निम्मी कबूल केली आणि मनात हसलो. सगळी न्यायला तयार होतो मी. खालचा हॉल मागितला असता तर तोही दिला असता. आगाशीच्या बाजारात वाढून मुलीला मागायचं कळत नाही, असं मी रात्री बायकोला म्हटलं. ती पदराने तोंड पुसत राहिली.

का पुसत होती ते गणपतीच्या आधी कळलं. मला विरारला तो फ्लॅटचा एजंट भेटला. ओळख काढून म्हणाला, "काका, तुमची सूनबाई फार स्पष्ट हां. लग्नाच्या आधीच फोन करून सांगून टाकलं, फ्लॅट नको, आम्ही घरीच राहणार. मी तो तेव्हाच दुसऱ्याला दिला."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन बायकोला विचारलं तर तिला माहीत होतं. मुलाला माहीत होतं. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच छताखाली, जो फ्लॅट केव्हाच दुसऱ्याकडे गेला होता तो दाखवून तिघांनी माझ्याकडून छत दुरुस्त करून घेतलं, गॅस घेतला, निम्मी पोती हलवली. वर त्या मुलीने माझ्या तोंडावर मला खरं बोलायला लावलं! शेडवाल्याने निदान तोंडावर भांडण तरी केलं होतं. असा व्यवहार सातिवलीत कुणी केला असता तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती. फसवून झालेला सौदा मोडता येतो, हे मला नीट माहीत आहे.

मी तावातावाने जिन्यापर्यंत गेलो. वर भांड्यांचा आवाज येत होता, मुलगा काहीतरी बोलत होता, ती हसत होती. सौदा मोडायचा तर सगळाच मोडावा लागतो. पोती परत आणायची, गॅस काढायचा, आणि मी "राहा" म्हणालो होतो तेही मागे घ्यायचं.

मी खाली उभा राहूनच हाक मारली आणि विचारलं, उरलेली पोती कधी न्यायची आहेत?